पहिल्या वर्षाचा अनाम गुरू

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरातला मुलगा किंवा मुलगी मेडिकलला लागली, की पहिले काही आठवडे घरात मोठी गडबड असते. पांढरे एप्रन येतात, विटेएवढी जाडजूड पुस्तके येतात आणि एक दिवस हाडांचा खोका येतो. आजी म्हणते, हे घरात नको. आई म्हणते, निदान देवघरापासून लांब ठेव. चार दिवसांनी सगळ्यांना सवय होते. जेवणे आटोपली, की चिरंजीव मांडीचे हाड हातात घेऊन त्यावरचे उंचवटे आणि खाचा मोठ्याने पाठ करू लागतात आणि आजी शेजारी बसून वाती वळत असते.

मेडिकलच्या पहिल्या वर्षी नेमके काय शिकवतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. बाहेरच्या माणसाला वाटते, ताप कसा उतरवायचा, सुई कशी द्यायची, हे शिकवत असतील. पण खरी औषधे आणि खरे आजार नंतर येतात. पहिल्या वर्षाचे मुख्य विषय तीन. शरीराची घडण कशी आहे ते सांगणारे शरीररचनाशास्त्र, ते चालते कसे ते सांगणारे शरीरक्रियाशास्त्र आणि त्याच्या आत चाललेल्या रासायनिक घडामोडी सांगणारे जीवरसायनशास्त्र. थोडक्यात, आजारी माणूस समजण्याआधी धडधाकट माणूस समजून घ्यायचा.

यातले रचनाशास्त्र हे मुख्यतः नावांचे शास्त्र आहे. हाडे दोनशे सहा. स्नायू सहाशेच्या वर. त्याशिवाय रक्तवाहिन्या, मज्जातंतू, सांधे. प्रत्येकाला नाव, प्रत्येक नावाचा पत्ता आणि प्रत्येकाचा शेजारी कोण, हेही पाठ हवे. व्हायवाला बाई चिमट्याने एक पांढरा दोरा उचलतात आणि विचारतात, हे काय? त्या दोऱ्याचे नाव आले नाही, तर टर्म गेली.

आणि एवढी सगळी नावे ज्याच्याकडून शिकायची, तो टेबलावर झोपलेला माणूस मात्र बिननावाचा. त्याला असलाच तर एक क्रमांक असतो. दहा-बारा मुले त्याच्याभोवती उभी राहतात, त्याचा तळहात उलगडतात, त्याचे हृदय हातात घेतात. आपल्या आयुष्यात दुसऱ्या कोणाला त्यांनी इतके जवळून पाहिलेले नसते. पण हा कोण होता, कुठल्या गावचा, याला कोणी रडले का, हे त्यांना ठाऊक नसते. आज मला बोलायचे आहे ते या बिननावाच्या माणसाबद्दल. तो त्या टेबलावर आला कसा? या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे आणि तो सगळाच अभिमानाचा नाही.

युरोपात जवळजवळ तेराशे वर्षे गेलन या ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण होता. गेलनने माकडे आणि डुकरे चिरून जे पाहिले, तेच माणसाला लागू केले. वर्गात गुरुजी उंच खुर्चीवर बसून त्याचा ग्रंथ वाचत. खाली एक न्हावी शव चिरत असे. ग्रंथात एक आणि समोर दुसरेच दिसले, तरी ग्रंथच खरा! इटलीतल्या पदुआ येथे व्हेसॅलियस नावाचा तरुण प्राध्यापक त्या खुर्चीवरून खाली उतरला आणि त्याने सुरी स्वतःच्या हातात घेतली. १५४३ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने आपला सचित्र ग्रंथ छापला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा आहे, अशा गेलनच्या कितीतरी चुका त्याने दाखवून दिल्या. आधुनिक वैद्यकाची पहाट आपण इथे मानतो. पण व्हेसॅलियसच्या टेबलावर कोण होते? फाशी गेलेले गुन्हेगार. विद्यार्थिदशेत तर त्याने गावाबाहेर फासावर लटकत असलेला सांगाडा रात्री चोरून आणला होता.

इंग्लंडने ही गोष्ट कायद्यातच लिहिली. खुनाबद्दल फाशी गेलेल्याचा देह चिरफाडीसाठी द्यावा, असा नियम तिथे १७५२ पासून लागू झाला. हेतू शिक्षणाचा नव्हता. फाशीपेक्षा जास्त धाक वाटावा, मेल्यावरही विटंबना व्हावी, हा हेतू होता. म्हणजे विच्छेदन ही शिक्षा ठरली. लोकांच्या मनात या टेबलाबद्दल जी शिसारी बसली, तिचे एक मूळ इथे आहे.

पुढे वैद्यकीय शाळा वाढल्या, मुले वाढली आणि फाशी जाणारे पुरेनात. मग कबरी उकरणाऱ्यांच्या टोळ्या निघाल्या. ताजी माती उकरून ते प्रेत काढून नेत आणि अंगावरचे कपडे मात्र खड्ड्यात परत टाकत. कारण कायद्याने प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हती, पण कपडे होते. कपडे नेले तर चोरी! लोक नातेवाइकांच्या कबरीवर लोखंडी पिंजरे बसवू लागले, रात्रीचे पहारे देऊ लागले. आणि १८२८ साली एडिंबरामध्ये याचा कळस झाला. बर्क आणि हेअर या दोघांनी कबरी उकरण्याचे कष्टही वाचवले. सुमारे वर्षभरात त्यांनी सोळा माणसे मारली आणि डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला त्यांचे देह विकले. मारलेले बहुतेक गरीब, एकटे, कोणी शोधायला येणार नाही असे. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली आणि त्याच्या देहाचेही जाहीर विच्छेदन झाले. त्याचा सांगाडा एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात जपलेला आहे.

या बोभाट्यानंतर १८३२ साली ब्रिटिश संसदेने नवा कायदा केला. गुन्हेगारांचे देह देण्याची प्रथा बंद झाली. त्यांच्याऐवजी अनाथालये, गरीबखाने आणि इस्पितळे यांत मेलेल्या बेवारस माणसांचे देह शाळांना मिळू लागले. कबरींची चोरी थांबली हे खरे. पण जी गोष्ट कालपर्यंत खुनाची शिक्षा होती, ती आजपासून गरिबीची झाली. आपला देह द्यायचा की नाही, हे त्या गरिबाला कोणी विचारले नव्हते.

हीच व्यवस्था इंग्रजी वैद्यकाबरोबर जहाजाने आपल्याकडे आली. १८३५ च्या जानेवारीत कलकत्ता मेडिकल कॉलेज स्थापन झाले. आधीच्या शाळेत देशी विद्यार्थी मेंढीसारख्या प्राण्यांवर रचना शिकत. आता माणसाचे शरीर चिरायचे होते. शिवाशिवीच्या त्या काळात उच्चवर्णीय मुलगा प्रेताला हात लावील का, ही सगळ्यांना शंका होती. १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी ती शंका संपवली. त्यांच्याबरोबर काही विद्यार्थीही पुढे झाले. त्या दिवशी फोर्ट विल्यमवरून तोफा उडाल्या, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. तोफांची गोष्ट खरी असो वा नसो, धाडस खरे होते.

हे मधुसूदन गुप्त कोण, तर संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवणारे वैद्य. आणि गंमत पाहा, ज्या सुमारास त्यांनी सुरी हाती धरली, त्याच सुमारास, १८३५-३६ साली, त्यांनी संपादित केलेली ‘सुश्रुतसंहिता’ कलकत्त्यात छापली जात होती. सुश्रुताने शारीरस्थानात शरीर पाहण्याची रीत सांगितली आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचा, अवयव शाबूत असलेला देह घ्यावा, मुंज, दर्भ यांसारख्या गवतात गुंडाळावा, पिंजऱ्यात घालून वाहत्या नदीत ठेवावा आणि सात रात्रींनी काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हलके हलके घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. म्हणजे मधुसूदन पंडितांना ही गोष्ट पोथीतून ठाऊक होती. मधल्या शतकांत ती पोथीतच राहिली होती, एवढेच. देह कसा निवडावा हे सुश्रुत बारकाईने सांगतो. तो कोणाचा आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न मात्र त्या वर्णनात येत नाही.

कलकत्त्याला एकदा बांध फुटल्यावर वेळ लागला नाही. १८३७ साली तिथे साठ देहांचे विच्छेदन झाले, पुढच्या वर्षी एकशे वीस आणि १८४४ साली पाचशेच्या वर. विद्यार्थ्यांच्या धैर्याचे आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण हे पाचशे कोण होते? त्यांची नावे कुठल्याही गौरवग्रंथात नाहीत.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या मनात मुंबईला वैद्यकीय शाळा काढायची होती. ते १८३८ साली पुण्याजवळ दापोडीला वारले. त्यांच्या नावाचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि शेजारीच सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून गोरगरिबांसाठी रुग्णालय उभे राहिले. तेच आपले जे. जे. या कॉलेजातून १८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग होते, मूळ गोव्याचे डॉ. लिस्बोआ होते, पारशी तरुण होते. हिंदू, ख्रिस्ती, पारशी अशी मुले एका टेबलाभोवती उभी राहून शिकली. आतून सगळी माणसे सारखीच असतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्यातले काही जण पुढे समाजसुधारक झाले, याचा या टेबलाशी किती संबंध, हे ज्याने त्याने ठरवावे.

याच कॉलेजात १८५८ च्या सुमारास एक अबोल इंग्रज तरुण शरीररचना शिकवायला आला. त्याचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. हे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. पण त्याची चित्रे जगभरातल्या डॉक्टरांनी पाहिली आहेत. मेडिकलच्या मुलांचे ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे पुस्तक आपण ऐकून असाल. लंडनचे शल्यवैद्य हेन्री ग्रे यांनी १८५८ साली ते लिहिले आणि त्यातल्या तीनशे त्रेसष्ट आकृत्यांसाठी चित्रे काढली कार्टरने. ग्रे यांना प्रत्येक हजार प्रतींमागे मानधन ठरले. कार्टरला एकदाच दीडशे पौंड मिळाले आणि पुस्तक बाजारात येण्याआधीच तो मुंबईच्या वाटेला लागला. ग्रे तीनच वर्षांनी देवीच्या आजाराने वारले. कार्टर मुंबई इलाख्यात तीस वर्षे राहिला. महारोगावर आणि इथल्या तापांवर त्याने मोलाचे काम केले, काही काळ साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, पुढे ग्रँट कॉलेजचा प्रमुखही झाला.

कार्टरच्या चित्रांत एक नवी सोय होती. आधीच्या पुस्तकांत आकृतीवर बारीक अक्षरे किंवा आकडे असत आणि त्यांचा अर्थ खाली तळटिपेत शोधावा लागे. कार्टरने नावे थेट अवयवावरच लिहिली. धमनीच्या अंगावर धमनीचे नाव, तंतूच्या अंगावर तंतूचे. विद्यार्थ्याचे डोळे इकडेतिकडे फिरायला नकोत. ही कल्पना इतकी सोपी आणि उपयोगी होती, की पुस्तक दीडशे वर्षांहून अधिक काळ आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढत राहिले. पण ज्या देहांवरून ही चित्रे काढली, ते १८३२ च्या त्याच कायद्याने मिळालेले लंडनच्या गरिबांचे देह होते. त्या चित्रांतल्या एकेका शिरेवर नाव आहे. फक्त ज्याची ती शीर, त्याचे नाव नाही. आपल्या विषयाची सारी कहाणी या एका गोष्टीत आली, असे मला वाटते.

आणि तो घरातला हाडांचा खोका? त्याचीही कहाणी आहे. विसाव्या शतकात बराच काळ जगभरच्या वैद्यकीय शाळांना मानवी सांगाडे पुरवणारा मोठा देश भारत होता आणि कलकत्ता हे त्या व्यापाराचे केंद्र. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या वर्गात खिळ्याला टांगलेला सांगाडा कित्येकदा आपल्याच एखाद्या गरीब माणसाचा असे. भारत सरकारने १९८५ साली ही निर्यात बंद केली.

देहांसाठी आपल्या राज्याचा कायदा झाला तो १९४९ साली. त्याचे मूळ नाव ‘बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट’ असे होते. रुग्णालयात किंवा सार्वजनिक जागी मेलेल्या आणि ठरलेल्या मुदतीत जवळचे कोणी नातेवाईक पुढे न आलेल्या माणसाचा देह या कायद्याने शिक्षणासाठी देता येतो. देश स्वतंत्र झाला, पण कायद्याचे मूळ तत्त्व लंडनचेच राहिले. ज्याला कोणी नाही, त्याचा देह सर्वांचा. या कायद्यावाचून आपले डॉक्टर शिकलेच नसते, हे मान्य करायला हवे. पण ‘बेवारस’ या शब्दापाशी थोडे थांबायलाही हवे. स्टेशनच्या फलाटावर कोसळलेल्या मजुराचे घर हजार मैलांवर असते. तो बेवारस नसतो. त्याच्या माणसांपर्यंत निरोप पोहोचलेला नसतो, इतकेच. त्याने नकार दिला नाही म्हणजे होकार दिला, असे होत नाही.

या सगळ्या इतिहासात खरा बदल घडला तो सामान्य माणसांमुळे. आपण मेल्यावर आपला देह मेडिकल कॉलेजला द्यावा, असे कागदावर लिहून ठेवणारी माणसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे वाढू लागली. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी गृहिणी, कोणी नास्तिक, कोणी दधीचीची आठवण काढणारे भाविक. २०१० साली एक बोलकी गोष्ट घडली. जानेवारीत कम्युनिस्ट नेते ज्योती बसू वारले. त्यांचा देह कलकत्त्याच्या रुग्णालयाला दिला गेला. फेब्रुवारीत नानाजी देशमुख चित्रकूटला वारले. परभणी-हिंगोली भागात जन्मलेले, संघाच्या मुशीत घडलेले हे गृहस्थ. त्यांचा देह दिल्लीच्या ‘एम्स’ला गेला. जन्मभर दोघांचे रस्ते विरुद्ध होते. शेवटची इच्छा मात्र दोघांची एकच निघाली.

दात्याचा देह आणि बेवारस देह यांत सुरीला काही फरक कळत नाही. दोन्हीकडे तोच स्नायू, तीच धमनी. फरक पडतो तो सुरी धरणाऱ्याला. आधीच्या पिढ्यांतल्या डॉक्टरांना विचारा. डिसेक्शन हॉलमध्ये भीती घालवण्यासाठी थट्टा चाले, प्रेतांना टोपणनावे पडत, नवख्यांच्या खिशात हाडाचा तुकडा टाकला जाई. अठरा वर्षांची मुले ती, भेदरलेली. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, की हा माणूस आहे. २०१९ साली देशाचा वैद्यकीय अभ्यासक्रम बदलला, तेव्हा पहिल्या वर्षात एक छोटासा पाठ घातला गेला. त्याचा विषयच, शव हा आपला पहिला गुरू. अनेक कॉलेजांत आता पहिल्या दिवशी मुले देहासमोर उभी राहून शपथ घेतात, फुले वाहतात. काही ठिकाणी दात्याच्या घरच्यांना बोलावून कृतज्ञता व्यक्त करतात.

करोनाच्या दिवसांत अनेक कॉलेजांनी देहदान स्वीकारणे थांबवले. मुले घरी बसून मोबाइलच्या पडद्यावर विच्छेदन शिकली. आता तर मोठ्या काचेच्या पटलावर बोट फिरवून त्वचा, स्नायू, हाडे असे थर उलगडता येतात. हे चांगलेच आहे. पण पडद्यावरचे शरीर सगळीकडे सारखे असते. खऱ्या शरीरात धमनी कुठे वेगळ्याच वाटेने जाते, कुणाच्या बोटांना आयुष्यभराच्या कामाचे घट्टे असतात, कुणाच्या पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असतो. शिवाय पडद्याचे आपल्यावर काही देणे नसते. टेबलावरच्या माणसाचे असते.

देहदानाचा अर्ज भरताना वयस्कर माणसे अनेक शंका विचारतात. नेत्रदान केले तर देहदान चालते का? चालते. नुसता अर्ज भरला म्हणजे झाले का? नाही, वेळ आल्यावर घरच्यांनी पुढाकार घेऊन कॉलेजला कळवावे लागते, म्हणून घरात आधी मोकळेपणाने बोलून ठेवावे. अपघाती मृत्यू असेल, शवचिकित्सा झाली असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असेल, तर कॉलेज देह नाकारू शकते, हेही घरच्यांना ठाऊक असावे, म्हणजे त्या घडीला मन दुखावत नाही.

आणि शेवटी, जरा अडखळत, एक प्रश्न हमखास येतो. ती मुले माझ्याशी नीट वागतील ना?

इतिहासाने या प्रश्नाचे उत्तर फारसे चांगले दिलेले नाही. आता ते दर वर्षी नव्याने द्यायचे आहे, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी. आपल्या घरात हाडांचा खोका आला असेल, तर आज रात्री जेवताना त्या मुलाला एवढे जरूर विचारा, तुमच्या टेबलावर कोण आहे? नाव त्याला सांगता येणार नाही. पण प्रश्न त्याच्या मनात राहील.